पाच दिवसांची पाठराखीण

मी सुगंधाबाई, भ्रतार येडबा (मयत), वय पंचवीस, पहिलं राहणार चुडाव्याजवळच्या खेड्यात, आता परभणीत तानुबाईच्या खोलीत, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर हाय. कुणी सांगितलं म्हणून लिहायले न्हाई. शाळा दुसरीपर्यंत. बाकीचं मालकिणीच्या लेकीची पाटी पुसता पुसता शिकले.

"एवढ्या तरण्या वयात कोण मृत्युपत्र लिहितं, ताई?" आसं चंद्रभान आटोवाला म्हणला. कारण सांगते. परवा बाजारात व्यंकटराव मालकाचा कारभारी दत्तराव आडवा आला. म्हणला, "सुगंधे, मालकाच्या घरच्या लग्नाच्या आत तुझी पोरगी परत पोचव. तू ऱ्हा हितंच. न्हाईतर रेल्वेखाली गेली बिचारी, आसं लोक म्हणतील."

म्हणून पहिलं कलम. मी रेल्वेखाली, विहिरीत, कुठंबी मेलेली सापडले तर त्यो आपघात समजू नये. मी जीव दिला आसंबी समजू नये. मला लय जगायचं हाय.

माझा बाप आश्रुबा मेंढरं राखायचा. केशरबाईच्या बापाच्या रानात कळप बसवायचा. मी आठ वर्सांची आसताना केशरबाईचं लगीन व्यंकटरावासंग झालं. नवी नवरी सासरी जाताना तिला करमावं म्हणून संगं एक पोरगी देतात, पाठराखीण. पाच दिवस ऱ्हायचं आन परत यायचं. त्यांनीच मला पिवळा परकर शिवला. जीपमधी बसायला भेटलं म्हणून मी लय खुश व्हते. त्या पाच दिवसांची सतरा वर्सं झाली.

सहाव्या दिवशी बाप न्यायला आला व्हता. केशरबाईची सासू म्हणली, "पोरगी हितं पोटभर खायलीय. तुमच्या पालात काय हाय? तिचं लगीनबी आमीच लावू." बापानं पटका नीट बांधला आन गेला. बोलला आसता तर रान सुटलं आसतं. बाबा, तुमी आता न्हाईत. पण हे मी माफ केलेलं न्हाई, ते हितं लिहिते.

लगीन त्यांनी लावलं, त्यांच्याच गड्यासंग. येडबा चांगला व्हता. नामांतराच्या दंगलीच्या साली माझी मालन झाली, आता तिला आठवं चालू हाय. ती दोन वर्सांची आसताना मालकाची विहीर खांदताना दरड पडून येडबा गेला. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या चुलीपुढं भाकरी थापायले व्हते.

येडबानं मला लग्नात काळी शेळी दिली व्हती. तिची नऊ झाली. व्यंकटरावाच्या गोठ्यात हायत, पण त्या माझ्या. डाव्या कानाला उभा चिरा हाय, खोटं बोलायला जागा न्हाई. त्या समद्या मालनच्या. पितळी तांब्या तानुबाईला. ओळख न पाळख, टेशनावर मिरच्या इकणाऱ्या ह्या बाईनं आमा दोघींना घरात घेतलं. वाकळ मालनला.

तक्रार घेऊन एका सरकारी हापिसातबी जाऊन आले. साहेब म्हणला, "वेठबिगारी सरकारनं कवाच बंद केली. तू उचल किती घेतली व्हती?"

"कायबी न्हाई. मी पाठराखीण व्हते."

"मग तू वेठबिगार कशी? तू तर घरचीच झालीस."

घरची! घरची आसते तर येडबाला तेरा दिवस रडू दिलं आसतं. ज्यानं उचल घेतली त्यो फेडून सुटंल तरी. मी काय फेडू?

केशरबाईला अक्का म्हणायचे, म्हणून अक्काच लिहिते. अक्का, बाळंतपणात तुमी मला तूप घातलं, ते इसरले न्हाई. पण येत्या आखितीला तुमच्या लेकीचं लगीन ठरलं आन तुमी पेटीतून माझा पिवळा परकर काढलात. मालनला नेसवलात. टाळी वाजवून म्हणलात, "अगं सुगंधे, बघ की, जणू हिच्यासाठीच शिवला! आता हीच आमच्या छबीची पाठराखीण."

मालन गोल गोल फिरली. "आई, जीपमधी बसायचं?"

माझ्या हातातलं ताट खाली पडलं. तुमी हसलात, "किती गं येंधळी." दुसऱ्या दिवशी लग्नाची धुणी ओढ्याच्या दगडावर तशीच ठेवली, मालनला उचललं आन भर उन्हात चुडाव्याचं टेशन गाठलं. गाडीत तिकीट तपासणारा आला. मी म्हणले, "सतरा वर्सांची मजुरी मागं ऱ्हायलीय, तिच्यातनं घ्या." त्यो मालनकडं बघून फुडं गेला.

माझ्या मागं मालनला तानुबाईनं सांभाळावं आन शाळेत घालावं. व्यंकटराव, केशरबाई, दत्तराव, माझा भाऊ, कुणाचाबी तिच्यावर हक्क न्हाई. कुणाच्या लग्नात, कुणासंग, एक दिवससुदिक तिला पाठराखीण धाडू नये. ह्या कागदात मालन देण्याच्या चिजांत न्हाई, घेणाऱ्यांत हाय.

शेवटचं. पळताना परकर मालनच्या अंगावरच व्हता. दत्तराव म्हणतो, चोरीची केस करू. तर अक्का, त्यो परकर मी तुमाला देते. धुऊन, घडी घालून ठेवलाय. मी मेले तर तानुबाई लग्नाच्या मांडवात आणून देतील, चार लोकांम्होरं.

रिकामा.

लिहिलेलं मालनला वाचून दाखवलं न्हाई. साक्षीदारांना दाखवलं, त्यांच्याम्होरं सही केली.

सही: सुगंधाबाई भ्रतार येडबा

साक्षीदार: तानुबाई, मिरचीवाली (डाव्या हाताचा अंगठा)
साक्षीदार: चंद्रभान, आटोवाला (सही)

मुक्काम परभणी, तारीख २० एप्रिल १९८६