मोटार जुपून बघितली

गोरेगाव,
मार्गशीर्ष शुद्ध ५, सन १९४८

तातेराव भावजींस वहिनी मनकर्णाचा आशीर्वाद. इकडं समदे खुशाल. तुमी पलटण सोडून अकोल्यात आलात असं कळलं, खुशाल असाल असं धरून चालते. चार वर्षांत तुमी एक ओळ धाडली न्हाई अन् मीबी न्हाई, तवा धरूनच चालावं लागतं.

अक्षर बंडोपंत मास्तरांचं हाय, बोल माझे. मास्तर म्हणाले, "मी जरा शुद्ध करून लिहितो." मी म्हणलं, "शुद्ध तुमच्या शाळेत करा. भावजींना वाटलं पाहिजे, वहिनीच बोलून राहिली."

खबर अशी की मी मोटार घेऊन राहिले. हसू नका! औंदा कापूस मोप झालाय, रझाकारांची धामधूम सरली, रस्ते आता निवांत झालेत. पर बैलगाडीनं हिंगोलीला सरकी काढायच्या जिनात माल टाकून परत यायला तीन दिवस जातात. तुमच्या दादांच्या मागं दोन्ही भाड्याच्या गाड्या मीच सांभाळते, सोनाजी गाडीवान संगं हाय. बैलबी थकले अन् तोबी थकला.

हिंगोलीत अमरसिंग म्हणून मिस्तरी हाय. लढाईतल्या जुन्या मोटारी आणतो, नीट करून इकतो. त्याच्यापाशी दोन व्हत्या. एक मोठी लॉरी, निळा रंग मारून नवरीवानी नटवलेली. दुसरी लहान, मागून उघडी, पलटणीच्या हिरव्या रंगाची, एक दार चेपलेलं. तिला पिकप म्हणतात म्हणे. सोनाजी लॉरीपाशीच घुटमळत व्हता. "मालकीणबाई, हीच घ्या, गावात मान वाढंल." मी म्हणलं, "मान काय भाकरीसंगं खायचा? आपल्या काळ्या मातीत ही रुतली तर काढायला अख्ख्या गावाचे बैल जुपावे लागतील." अन् मला रोज काय न्यायचं असतं? सरकी, कडबा, बाजाराची पोती, एखादी अडलेली बाळंतीण. तेवढं पिकपमधी मावतं. हंगामात माल जास्ती झाला तर मागं आपली बैलगाडी बांधायची अन् ओढायची.

अमरसिंग झाकण उघडून इंजिन दाखवायला लागला. मी म्हणलं, "भाऊ, त्यातलं मला कायबी कळत न्हाई. बैल घेताना आमी दात बघतो, चाल बघतो, मंग भरल्या गाडीला जुपून बघतो. तुमची मोटार जुपून दाखवा."

मंग काय, जुपली. कापसानं भरलेली गाडी आणली, तिचं जू जाड दोरानं पिकपच्या मागल्या आकड्याला बांधलं. अमरसिंगचा माणूस हाकायला बसला. पुसेगावच्या रस्त्यानं चढावर अशी गेली की सोनाजीनं पागोटं उडवलं. मीबी टाळ्या पिटल्या, खोटं काहून बोलू? मंग उतार लागला, अन् मागची गाडी सुसाट पळत आली ती धाडकन पिकपच्या पाठीत! जू मोडलं, पिकपचा मागला फाळका वाकला, कापूस नाल्यात. माणसाला कुणाला खरचटलं न्हाई, खंडोबाची कृपा.

चूक माझीच. बैल नुसता ओढत न्हाई, उतारावर तोच मान मागं रेटून गाडी थोपवतो. जन्म गेला बैलांमागं, पर हे कधी ध्यानातच आलं न्हाई. दोर कसा थोपवणार? अमरसिंगनं कपाळावर हात मारला. "बाई, रस्सी नहीं, लोहे का डंडा लगता. और ड्रायव्हर ऐसा, जिसने लढाई में गाड़ी से तोपें खींची हों."

माझ्या तोंडून निघून गेलं, "है ना! मेरा देवर है!"

दहा माणसांपुढं बोलले. सोनाजी तर माझ्याकडं बघतच राहिला. अमरसिंग म्हणाला, "तो बुलाओ." पुनवेपर्यंत तो पिकप ठेवणार हाय. पैशाचं जमलंय, पर ड्रायव्हर डोळ्यांनी बघितल्याबिगर मोटार देत न्हाई म्हणतो. तवा तुमी या.

एवढंच लिहायचं व्हतं. मास्तरांनी 'कळावे' लिहायला टाक बुडवला अन् मी दौत मागं ओढली. म्हणलं, "थांबा मास्तर, अजून हाय."

भावजी, तुमी पलटणीत गेलात तवा मला लई राग आला व्हता. मोटारीच्या नादानं भावाला एकटं टाकलं, असं मी येता-जाता बोलायची. मंग तुमचे दादा तापानं पडले. बारा दिवस अंथरुणावर व्हते. रोज इचारायचे, "तात्याला कळवलं का?" मी म्हणायची, "पत्र धाडलंय. येऊन राहिला." धाडलं नव्हतं. उद्या धाडू, परवा धाडू, राग निवू दे, असं करता करता ते गेले. महिन्यानं तुमी रजेवर आलात, त्यांच्यासाठी कांबळं खांद्यावर घेऊन. अन् मी दारात उभी राहून साऱ्या गावापुढं म्हणलं, "पत्र धाडलं तवा आला न्हाईत, आता काहून आलात?" तुमी घोटभर पाणीबी न पिता मागं फिरलात. पलटणीत पत्र हरवलं असंल, असं सोनाजीला म्हणालात. हरवलं नव्हतं भावजी. मी लिहूनच घेतलं नव्हतं.

इथं मास्तरांचा हात थांबला. म्हणाले, "मनकर्णाबाई, तेव्हा मी स्वतः कार्ड घेऊन तुमच्या दारात आलो होतो. तुम्ही म्हणालात, पत्र गेलं." मी म्हणलं, "व्हय. तेबी खोटं. लिहा." त्यांनी चष्मा पुसला अन् लिहिलं.

पिकप मला पाहिजेच हाय, हे काय लपवायचं. सोनाजीनं लोहाराकडं दांडा घडवायलाबी टाकला. पर तुमी आलात अन् मोटारीला हात न लावता दारात उभं राहून मला शिव्या दिल्यात, तरी चालंल. माणसं मीच गोळा करते. खोटं गावापुढं बोलले, खरंबी गावापुढंच बोलंन. मंग घरात या अन् जेवून जा. राहिलात तर माझं नशीब.

हे पत्र टाकायला मी स्वतः हिंगोलीला चालले. खरंच टाकते का न्हाई ते बघायला मास्तरांना संगं घेतलंय.

चार वर्षं उशिरा कळवणारी,
तुमची वहिनी मनकर्णा
(डाव्या अंगठ्याची निशाणी)