ताशी ऐंशीची पाटी

३ डिसेंबर २००४
वालावलहून सकाळच्या एस.टी.ने आलो. महामार्गाच्या चौकीवर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली, जीव हलका झाला. खोली लहान, पण स्वच्छ. पुढ्यात रस्ता, मागे नदीचा उभा कडा, दोन्ही अंगांना डोंगर फोडून काढलेली अरुंद खिंड. पलीकडे भिकाजीचं चहाचं दुकान आणि वडाखाली राखणदाराचा पाषाण. ड्रायव्हर तिथे गाडी हळू करतात, हॉर्न देतात, हात जोडून पुढे जातात. देवाचा शेजार लाभला. दहा-बारा दिवसांत मथुराही येईल. बायकोशिवाय माझा संसार म्हणजे नुसता स्टो.

७ डिसेंबर
वेगमर्यादा वाढली. पन्नासची पाटी काढून ऐंशीची लावली. साहेब म्हणाले, गाडी कुठेही अडता कामा नये. भिकाजी म्हणाला, "मगे माझी चाय कोण पितलो, तुमचो साहेब?" तरी नारळ त्यानेच आणला. पलीकडे जाऊन मी गाऱ्हाणं घातलं, 'बा म्हाराजा, ह्यो रस्तो आजपासून तुझ्या राखणीत. गाडीच्या आड कोण येवचो नाय, असा कर.' पाटी लावायला आलेले सगळे म्हणाले, होय म्हाराजा. साहेबांची जीप घाई करत होती. 'लेकरांक सांभाळ' हे शेवटचं मागणं राहूनच गेलं.

१० डिसेंबर
आता कोणी हळू होत नाही, हात जोडत नाही. गुरं रस्त्याच्या कडेपर्यंत येतात आणि माघारी फिरतात. मासेवाली सावित्री पलीकडे किती वेळ उभी होती. रस्ता मोकळा, पण पाय टाकला की लॉरी. "तुझ्या पाटयेक आग लागो रे!" म्हणून बांगडे घेऊन परत गेली. मी हसलो.

१२ डिसेंबर
मलाही ओलांडता येत नाही. दोन्हीकडे शांत असतं. पाऊल डांबरावर ठेवलं की खिंडीतून हॉर्न. मागे घेतलं की काही नाही. खिंडीत कडेने चालायला जागा नाही. मागे कडा. गाड्यांना हात करतो, ड्रायव्हर सरळ समोर बघतात.
गाऱ्हाणं ज्याने घातलं त्यानेच पाषाणासमोर उभं राहून मागे घ्यायचं असतं. पाषाण पलीकडे.

१३ डिसेंबर
भिकाजी पलीकडून हसला. भ्यायचं काय त्यात, मीच चहा घेऊन येतो म्हणाला. भर दुपार. रस्ता रिकामा. मध्यापर्यंत आला —
किटली माझ्या दारात पडली.
एकही गाडी थांबली नाही. अजून त्याच्यावरून —

१४ डिसेंबर
पाणी संपलं. गाड्या नसतात तेव्हाही रस्ता थरथरतो. दुकानाकडे कोणी फिरकत नाही. मथुरा येऊ नये. तिला कळवायचं कसं —

१५ डिसेंबर
पलीकडे, वरच्या वाडीच्या पायवाटेवर मथुरा. डोक्यावर बोचकं. हात हलवून थांब सांगतो — तिला वाटतं बोलावतोय. हसली. घसा बसलाय, येव नको गो, एवढंही —
रस्ता रिकामा आहे.
ती उतरतेय. मी आधी रस्त्यावर उतरलो तर गाडी माझ्यावर येईल. ती बघून तिथेच थांबेल. थांबेल ना?
देवा नारायणा, तिला तिथेच —