टेबलाखालून घेतलेला लघुपट नष्ट न करण्याबाबत

दिनांक : २८ नोव्हेंबर

प्रति,
मा. संचालक,
चित्रपट जतन विभाग

विषय : माझा प्रायोगिक लघुपट सदोष ठरवून नष्ट न करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या तपासणी कक्षाचे दोषपत्र.

महोदय,

मी निवृत्त ग्रंथपाल आहे. चित्रपटातले मला फारसे कळत नाही, हे आधीच मान्य करतो. लहान मुलांना जग कसे दिसते यावरची पुस्तके आयुष्यभर वाचली, पण ती सगळी मोठ्यांनी लिहिलेली. म्हणून नात तीन वर्षांची असताना तिच्या छातीशी छोटा कॅमेरा बांधला आणि तिला घरभर फिरू दिले. त्यातून हा लघुपट झाला.

१. एकाही मोठ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, असे दोषपत्रात म्हटले आहे. ते खरे आहे. तिला आम्ही बहुधा गुडघ्यांपर्यंतच दिसत होतो. दाराची मूठ फार उंच दिसते, हाही दोष नसावा. खात्रीने सांगण्याचे धाडस मात्र होत नाही.

२. खिडकीवरच्या लिपिकबाई आपुलकीने म्हणाल्या, “आजोबा, कॅमेरा जरा वर धरायचा ना! महिनाअखेरपर्यंत नवा काढून आणा, बदलून घेऊ.” त्यानंतर सदोष प्रत नष्ट होते, आणि जमा केलेली प्रत परत देण्याची तरतूद नाही. माझ्याकडे दुसरी प्रत नाही. जमा करताना ‘ही एकमेव प्रत आहे’ असे लिहून द्यायचे होते. खोटे लिहवेना, म्हणून घरची प्रत पुसून टाकली आणि मगच सही केली.

३. तरीही प्रयत्न केला. नातीला पुन्हा कॅमेरा बांधून टेबलाखाली जायला सांगितले. तिने वाकून पाहिले आणि म्हणाली, “आजोबा, मी आता मावत नाही हो.” शिवाय लघुपटात राखाडी मोजे घातलेले दोन पाय टेबलापाशी येऊन थांबतात, आणि वरून आवाज येतो, “कुठे गेलं बाई आमचं माणूस?” ते पाय माझ्या पत्नीचे आहेत. ती गेल्या वर्षी वारली. त्यामुळे हा प्रसंग चेहऱ्यासह पुन्हा चित्रित करणे मला जमणार नाही.

तरी लघुपट मला परत मिळावा. ते नियमात बसत नसल्यास तो नष्ट करू नये. तेही शक्य नसल्यास मोज्यांचा तेवढा भाग राखावा. यातले काहीच होणार नसेल, तर नष्ट करण्यापूर्वी आपण तो एकदा पाहावा, आणि पाहताना कृपया खुर्चीवर न बसता खाली बसावे.

आपला वेळ घेतल्याचा संकोच वाटतो.

आपला नम्र,
(सही)
निवृत्त ग्रंथपाल

सोबत :
१. दोषपत्राची प्रत.
२. टेबलाशेजारी उभ्या नातीचे छायाचित्र (उंचीच्या पुराव्यासाठी).