संध्याची स्कूटी, माझी रेसिंग कार

१ जानेवारी
संकल्प: देशातली सगळ्यात बुटकी रेसिंग कार मी, देवेंद्र, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात बनवणार. गाडी जितकी खाली, तितका स्पीड. व्हिडिओत पाहिलं. डिप्लोमा अर्धवट राहिला ते बरंच झालं. पूर्ण केलेले सगळे नोकऱ्या करून राहिले.

३ जानेवारी
इंजिनचा प्रश्न सुटला. बायको संध्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. तिची स्कूटी दिवसभर तिथे नुसती उभी असते. आज रविवार. खोलली.

संध्याकाळी
संध्या म्हणे, माही स्कूटी कुठी हाय? म्हटलं, ती आता स्कूटी नाही, पॉवर युनिट आहे. ती म्हणे, मंग मी ड्युटीवर का तुमच्या खांद्यावर बसून जाऊ? गावच्या शंकरपटापर्यंत, म्हणजे बैलांच्या शर्यतीपर्यंत मुदत दिली. तोवर गाडी पळाली नाही तर स्कूटी जशीच्या तशी पाहिजे, नाहीतर ती बदली घेऊन माहेरी, तिरोड्याला. ठीक आहे. डेडलाइनशिवाय इनोव्हेशन होत नाही.

९ जानेवारी
संध्या एसटीने जाऊन राहिली. बस चुकली की पायी. घरी आली की बोलत नाही. शांततेत फोकस वाढतो.
कार आणखी चार बोटं खाली घेतली. बाबा पटाच्या बैलांना ढेप घालता घालता बघून गेले. म्हणे, देवा, याले जू कुठी लावाचं? जुन्या पिढीला इंजिन दिसतच नाही.

१५ जानेवारी
ट्रायल घेतली नाही. ज्याला स्वतःवर भरोसा नाही, त्याने ट्रायल घ्यावी.
कार थेट पटातच पळवणार. आयोजक खेमराजभाऊ म्हणाले, सकाळीच पळव, मग बैल सोडू. मी दुपारची वेळ मागून घेतली. पब्लिक जास्त.

२० जानेवारी, शंकरपट
हेल्मेट घातलं. स्टार्ट. आवाज इंटरनॅशनल. सकाळभर बैलांनी माती पार उकरून ठेवली होती. पहिल्याच ढिगाऱ्यावर कारचं पोट टेकलं, चाकं हवेत. टेक्निकली गाडी फुल स्पीडमध्ये होती, फक्त जागेवर. माईकवाला म्हणे, मंडळी, कासव पाहून घ्या! मला उतरता येईना. सीट टाइट डिझाइन केली होती.
शेवटी बाबांनी जोडी आणून दोर बांधला. पटाचे बैल ते, हळू चालणं त्यांना ठाऊकच नाही. सुटले ते थेट शेवटच्या झेंडीपार. ब्रेक लावले नव्हते, उगाच वजन वाढतं. तरी रेस पूर्ण झाली, हे कोणी नाकारू शकत नाही.
सगळा पट हसत होता. एकटी संध्या हसली नाही.

२२ जानेवारी
स्कूटी परत जोडली. काही पार्ट उरले. कंपनीने जास्तीचे लावले असतील. सुरू होत नाही. संध्या बॅग घेऊन स्टँडवर गेली. दोन दिवसांत येईल.

१६ फेब्रुवारी
बदलीची ऑर्डर निघाली, सासऱ्यांकडून कळलं. घर खायला उठतं. पण ते असो.
गुड न्यूज: बाबांनी कारची सीट काढून उरलेला सांगाडा गव्हाणीच्या जागी ठेवला. बैल त्यातून तणस खाऊन राहिले. बाबा म्हणे, उंची बराबर जमली. माझं डिझाइन शेवटी कोणाला तरी पटलं! लगेच संध्याला फोन लावला. तिने विचारलं, कोणाले पटलं?
म्हटलं, बैलांना.
तिने फोन ठेवला.