रिम्माचे बारा कप्पे

१२ ऑक्टोबर
आज एकदाचं शहराने घरं तापवायचं गरम पाणी पाईपांत सोडलं! स्वयंपाकघरातला रेडिएटर तापला, माझ्या खोलीतला तापला. आईच्या खोलीतला मात्र बर्फ. औषधांच्या दुकानातून आले तर आई घरात नाही. तीन तास वरच्या मजल्यावर, शेजारीण रिम्माकडे. "हात शेकायला गेले होते गं." तोंडाला कोबी भरलेल्या पावाचा वास!

१५ ऑक्टोबर
आजही गेली. स्वयंपाकघरात बस म्हटलं, तर म्हणते, "दिवसभर भिंतीशी बोलू का?" गेल्या हिवाळ्यात मी बजावलं होतं, लोकांच्या घरी ठाण मांडून बसायचं नाही. पण थंडीने कुडकुडणाऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला नाही कसं म्हणू?

१९ ऑक्टोबर
कारण सापडलं. रिम्माने उन्हाळ्यात नवा रेडिएटर बसवलाय. बारा कप्प्यांचा! आमचा सहाचा. आईच्या खोलीच्या पाईपात गरम पाणी वरून येतं, आधी तिचा चौथा मजला, मग आम्ही तिसऱ्यावर. सगळी ऊब तीच पिऊन टाकते, आणि वर माझ्या आईला बोलावून शेकवते. काय बाई आहे!

२० ऑक्टोबर
चार तास.

२ नोव्हेंबर
आई वेणी घालून आली. रिम्माने घातली म्हणे. दर रविवारी आईचे केस मी विंचरते, मी! "तिचा हात हलका आहे," आई म्हणाली. म्हणजे माझा जड? रात्रीचं सूप नुसतं ढवळत बसले. आईचे जाड लोकरी नमद्याचे बूटसुद्धा आता वरच असतात. जळते मी, हो, जळते. इथे तरी खरं लिहावं.

९ नोव्हेंबर
वसाहतीच्या कार्यालयातून नळवाला येगोरिच आला. तो आमच्या खोलीकडे वळला, मी अडवलं. गार आहे हे मला ठाऊक आहे, तुम्ही वर चला!

वर गेल्या गेल्या त्याने बोट दाखवलं. "हे बघा, बाजूचा जोडपाईप काढून टाकलाय. तो असता तर थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून गरमच खाली गेलं असतं. आता सगळं या बारा कप्प्यांतून फिरतं, निवतं, मग उतरतं." रिम्माचा चेहरा उतरला. "बसवणारा म्हणाला, तो पाईप कशाला हवाय... मला काय कळतंय यातलं?" मला तर नाचावंसं वाटलं.

जिना उतरताना येगोरिच पुटपुटला, "पण तैसिया पाव्लोव्ना, यानं कोमट होतं, बर्फ नाही होत. दुसऱ्या मजल्यावरसुद्धा कोमट आहे. तुमचा एकदा बघू द्या."
"काही नको! तिचा कापा आधी."

१७ नोव्हेंबर
कापला. जोडपाईप जोडला, कप्पे उरले पाच. दुपारपर्यंत उभ्या पाईपमधलं पाणी उतरवलं होतं, रिम्मा कोट घालून दारात उभी. "तैस्या, आधी मला तरी सांगायचंस. मीच तो रेडिएटर काढून टाकला असता." मी पाठ फिरवली. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

१८ नोव्हेंबर
आईची खोली अजून बर्फ! आणि आई वर गेली.

२४ नोव्हेंबर
कामा नदी गोठली. रिम्माच्या घरात आता सोळा अंश, दोघी कोट घालून चहा पितात. मी पाहून आले, मीठ मागायच्या निमित्ताने. आई खो खो हसत होती. आमच्या घरात असं हसलेली मला आठवत नाही.

खाली आल्यावर विचारलं, "आता तर वरही गारठा आहे ना?"
"आहे की."
"मग कशाला जातेस?"
"शाल आहे माझी."
रिम्मात असं काय आहे जे माझ्यात नाही?

२६ नोव्हेंबर
येगोरिच पुन्हा आला. आज अडवलं नाही. त्याने आईचं कपाट सरकवलं, मागे हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. "उभा पाईप तर उकळतोय! बाई, तुमच्या रेडिएटरचा नळच बंद आहे. कुणी फिरवला?"

आई पलंगावर बसली होती. "मी. पहिल्याच दिवशी. खोली उबदार असती तर तू मला वर जाऊ दिलं असतंस का?"

येगोरिच नळाला हात लावणार होता. राहू दे म्हटलं. उद्या आईला विचारून उघडेन.