पेढे वाटून झाल्यावर

आवं,
लेकीला घेऊन सांगलीच्या दवाखान्यात चालले. सकाळपासनं दूध ओकतेय. मामंजींनी तिच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. म्हणे, त्या गोळ्यांनीच पोरगं बायकी होतंय! तिला मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा दोष हाय, तुमच्या-माझ्या दोघांच्या रक्तातनं आलेला. त्यानंच जन्मताना ती मुलगा वाटली. तपासून डॉक्टर म्हणाले, मुलगीच हाय, गोळ्या सुटल्या तर जीव जाईल. तुम्हाला मात्र भावकीत वाटलेल्या पेढ्यांची लाज. केवढासा तुमचा मान, पेढ्यासंगं तोंडात विरघळणारा!

भाकरी टोपल्यात हाय, मामंजींना वाढा. मिशीला पीळ देऊन झाला असला, तर आष्ट्याच्या स्टँडवर मिळेल ती एसटी धरा. येताना बर्फी घ्या. मुलगी झालीय आपल्याला.

— क्रांती