नाटकात नेलेला माझा कोयता

साखर कारखाना,
फेब्रुवारी १९५४

तीर्थरूप अव्वा, तुझ्या लिंगम्माचं पायावर डोकं ठेवून शरणार्थ.

आम्ही दोघं खुशाल हाव. हे पत्र शेजारच्या खोपीतले सिद्धप्पाण्णा लिहायलेत. राग जरा कमी लिहितो म्हणाले. मी म्हटलं, न्हाई, बोलते तसंच लिहा.

काल इथल्या बाबूलोकांनी ऊसतोड्यांच्या संसाराचं नाटक केलं. त्यासाठी माझा कोयता मागून नेला. नाटकात नवरा एकटाच ऊस तोडायलाय आन बायको सावलीत बसून वेणी घालायलीय. अव्वा, इथं मजुरीला नवराबायको दोघं मिळून एक कोयता असं मोजतात. तुझे जावई तोडतात, मी मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत नेते. मान वळंना झालीय, पण तू काळजी करू नको.

तेवढं सोसलं असतं. पण ती बायको लेकरू आईपाशी टाकून आलेली निघाली. "हिला लेकरापेक्षा ऊस गोड," असं नवरा म्हणाला, आन खुर्च्यांवरचे हसले. पाचटात साप निघतात म्हणून भागूला तुझ्यापाशी ठेवली, ते यांना काय ठाऊक? मी तशीच वर चढले आन त्याच्या हातातून माझा कोयता काढून घेतला.

आता मुकादम म्हणतोय, माफी माग, न्हाई तर गावी जा. मी मागणार न्हाई.

तुझा गुडघा कसा हाय? भागू दूध पिती का?

मी निघाल्यावर नाटक पुढं चाललं. सिद्धप्पाण्णा सांगतात, शेवटी ते लेकरू आईला वळखतच न्हाई.

अव्वा, भागूला रोज माझं नाव सांगत जा.

तुझी लेक,
लिंगम्मा